चांगुणाआत्याचं नाक

गुहागरहून आले तेव्हा मला कांदा
फोडणीपुरताच माहीत.
पावसाळ्याच्या बेगमीला एक माळ,
चुलीपासून लांबच्या वाशाला टांगलेली.
तीही गणपतीपर्यंत तळातून मऊ पडायची.

लोहोणेरला, पहिल्याच दिवाळीनंतर,
नवऱ्याच्या आत्यानं माझ्या ओंजळीत काळं काही ओतलं,
तिळाहून बारीक, कोनेरी,
बंदुकीच्या दारूसारखं.
"उळं आहे. शिंकू नकोस."

गादीवाफा वीतभर उंच.
बोटानं ओढलेल्या रेघा, वर चाळलेलं शेणखत.
"पाणी झारीनं. झारीनंसुद्धा बेतानं.
मर येते ती पाण्याच्या वाटेनं,
आणि बसली की उठत नाही, आमच्या जावयासारखी."
आठव्या दिवशी हिरवे दोरे वर आले,
कमरेत वाकलेले, डोकं अजून मातीतच.
भाताची रोपं हजारोंनी लावलेली मी
उकिडवी बसून
ते सरळ व्हायची वाट बघत राहिले.

लावणीला चुकलेच.
भातासारखी खोल खोचली, वर अंगठ्यानं दाबली.
आत्या मागून एकेक उपसत आली.
"पुरतेस कशाला? गुप्तधन आहे का?
कांदा जमिनीत नसतो पोरी, जमिनीवर बसतो.
मुळं तेवढी मातीला दे.
बाकीचं त्याचं तो बघेल."

थंडीत पात, उन्हात कांदा, एवढंच तिचं शास्त्र.
पण त्या माघात थंडी हललीच नाही
आणि चौथ्या वाफ्यात डेंगळे निघाले,
ताठ, ऐटीत, टोकाला कळीची गाठ.
मला तर छान वाटले.
आत्यानं कडाकडा मोडले, ओट्यात भरले.
"घाई झालेल्यांची भाजी करावी."

चैत्रात एका सकाळी माना पडलेल्या.
वारा नव्हता.
पंधरा दिवस पाणी तोडलेलं, मला वाटलं तहानेनं गेले.
ती मात्र बांधावर बसून चहा प्यायली.
"निम्म्या पडू दे."
मग काढले, आणि असे निजवले ओळीनं
की याच्या पातीनं त्याचं अंग झाकावं,
त्याच्या पातीनं पुढच्याचं.
सगळ्यात शेवटच्या कांद्यावर
तिनं स्वतःच्या डोक्याचं फडकं टाकलं.

चाळ भरली. दीडशे क्विंटल.
रोज उजाडता ती चाळीभोवती फेरी मारायची,
हात मागे, नाक पुढे.
"तिसरा खण. खालून हातभर. एक गेलाय."
उपसावं तर खरंच एक,
आणि शेजारचे अजून कोरडे.

भाद्रपदात तिला ताप आला,
उतरताना नाक घेऊन गेला.
बोलली नाही कुणाला.
फेरी तशीच, हात मागे.
फक्त कुठे थांबायची नाही.
मला कळलं ते दूध करपलं तेव्हा.
घरभर वास,
आणि ती चुलीशेजारीच लसूण सोलत बसलेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग निघाले.
तिनं वळून पाहिलं, विचारलं नाही.
पाचव्या खणापाशी काहीतरी आलं:
गोडसर, ओलं, जुनं ओळखीचं.
गुहागर. तो वासा. माळेचा तळ.
"इथं," मी म्हटलं. "कमरेएवढ्यावर."

बांबूच्या फटीतून तिनं हात घातला, कोपरापर्यंत,
चाचपला, काढला.
सवयीनं स्वतःच्या नाकाशी नेला,
तसाच धरून ठेवला जरा वेळ.
मग माझ्या नाकाशी आणला.
"कसा येतो, सांग."